दोनशे तेरा नंबरचा पट्टा

हात थरथरतोय वगैरे मी लिहिणार नाही. माझा हात थरथरत नाही. आयुष्य शिवणकामात गेलं माझं, हात थरथरून कसं चालेल?

पण जे सांगतेय ते खरं आहे.

या पानावर मी आजवर नुसतं वाचत आले. निम्म्या गोष्टी वाचून हसलेसुद्धा. अमावास्येची रात्र, ओसाड बंगला, पांढरे कपडे. मनात म्हणायचे, एवढ्या वर्षांत त्या भुताला कुणी दुसरा कपडा शिवून दिला नाही का?

आता हसत नाही.

आमच्याकडे रात्र नव्हती. रविवारची लख्ख दुपार होती. जागा म्हणजे माझं स्वतःचं घर. खाली रस्त्याला लागून माझं शिवणाचं दुकान. दुकानातूनच वर जाणारा लाकडी जिना. वर राहायच्या दोन खोल्या आणि मागच्या बाजूला तिसरी, जिच्या दारातून एक लोखंडी जिना मागच्या बोळात उतरतो.

जे घडलं ते त्या तिसऱ्या खोलीत.

आधी आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. हे लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर अंधाऱ्या चौकोनी विहिरीत वाकून काम, त्यामुळे पाठीला थोडा बाक आलेला. स्वभावाने गरीब. आवाज चढवायची वेळ आली तर आधी पाणी पितात. लोकांच्या नवऱ्यांना पत्त्यांचा नाद असतो, दारूचा असतो. आमच्या ह्यांना गंजाचा.

म्हणजे जुन्या फौजी वस्तूंचा. दीड-दोन शतकांपूर्वीच्या संगिनी, तलवारींच्या मुठी, पितळी बटणं, काडतुसांच्या पेट्या. सगळं रीतसर, कागदपत्रांसकट. पण घर म्हणजे शस्त्रागार. एकदा मी पिठाच्या डब्यात हात घातला तर आत बक्कल. "वाळायला ठेवलंय गं, पिठात ओल धरत नाही," म्हणाले. त्या दिवशी कोण वाळलं ते विचारू नका.

ह्यांच्या जोडीला एक मित्र. आम्ही त्यांना कर्नल म्हणतो. आयुष्यभर पाणीपट्टीच्या खिडकीत बसले, फौजेत एक दिवस नाही. पण मिशा आहेत आणि माहिती आहे. दोघे जमले की मागच्या खोलीतून तेलाचा वास आणि हास्याचे गडगडाट.

मला त्या वस्तूंत रस नव्हता. पण एक गोष्ट ह्यांनी मला शिकवली होती, कारण ती जिवाशी होती.

जुनी ठासणीची बंदूक घरात आली की पहिलं काम, ती भरलेली आहे का ते बघणं. ह्या बंदुका तोंडातून भरतात. आधी दारू, मग गोळी, मग लोखंडी गजाने ठासायचं. एकदा भरलेली बंदूक कुणी उडवलीच नाही, तर दीडशे वर्षं तशीच पडून राहते. आतलं बाहेरून दिसत नाही. म्हणून गज नळीत सोडायचा आणि ऐकायचं.

नळी रिकामी असेल तर गज थेट तळाच्या लोखंडावर आपटतो. ठण्ण! घंटेसारखा.

भरलेली असेल तर... ठप्प.

खात्रीसाठी नळीच्या तोंडाशी गजावर अंगठा धरायचा, गज काढून नळीला बाहेरून लावून बघायचा. टोक तळापर्यंत पोचलं तर रिकामी. वीतभर कमी पडलं तर हात जोडायचे आणि लांब व्हायचं.

एवढं लक्षात ठेवा.

एके दिवशी हे एक बंदूक घेऊन आले. दस्त्याच्या पितळी पट्टीवर नंबर ठोकलेला. २१३. ज्या शिपायाची बंदूक, त्याचा नंबर. गज मात्र हरवलेला. ह्यांनी माझ्या पडद्याची काठी काढून नळीत घालून मोजलं. रिकामी. खडखडीत रिकामी. मी समोर उभी होते, पडद्याची काठी परत मिळावी म्हणून.

पुढच्याच महिन्यात कर्नल धापा टाकत जिना चढून आले. हातात कंबरेचा एक चामडी पट्टा.

"वहिनी, आधी चहा नको, आधी हे बघा! आतल्या बाजूला बघा!"

पट्ट्याच्या आत ठसा होता. २१३.

त्या दोघांचा आनंद काय सांगू! जुन्या वस्तू जमवणाऱ्यांना एकाच शिपायाच्या दोन वस्तू मिळणं म्हणजे जत्रेत हरवलेली भावंडं भेटणं. "आता पूर्ण संच करायचा," हे म्हणाले. "एका माणसाचं सगळं. एकही वस्तू दुसऱ्याची नाही."

आणि वस्तू येऊ लागल्या.

हेच मला आधी खटकायला हवं होतं. आंधळा मागतो एक डोळा म्हणतात, तसं होत होतं. ह्यांनी शोधायचीही गरज पडेना. कुठला तरी भंगारवाला आपणहून फोन करायचा, "साहेब, एक पेटी आलीय." काडतुसांची पेटी, २१३. संगीन, २१३. जणू कुणीतरी पत्ता देऊन एकेक वस्तू आमच्याकडे धाडत होतं.

दोनच गोष्टी राहिल्या. एक गज. दुसरा टोप्यांचा बटवा. ह्या बंदुकीला चाप ओढण्याआधी घोड्याखाली तांब्याची एक इवलीशी टोपी बसवावी लागते. टोपी नसेल तर दारू पेटत नाही, बंदूक उडत नाही. त्या टोप्यांचा छोटा चामडी बटवा पट्ट्यालाच अडकवलेला असतो. आमच्या पट्ट्यावर उजव्या बाजूला त्याची फिकट खूण होती. बटवा नव्हता.

ह्यांनी माझ्याकडे पुतळा मागितला. दुकानातला जुना, बिनडोक्याचा, कापूस भरलेला. "त्याला घालून ठेवतो सगळं. शोभा येईल." दिला. हौसेला मोल नसतं.

पट्टा मी स्वतः बांधला त्या पुतळ्याला. त्याच्या कंबरेला जे भोक आलं त्यात बक्कल अडकवलं. आणि तेव्हा एक पाहिलं. पट्टा रोज वापरला की एकच भोक ओढलं जातं, लांबट होतं. ह्या पट्ट्याचं ते घासलेलं भोक कितीतरी आत होतं. हा शिपाई काटकुळा असणार. पोराएवढी कंबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडायला गेले तर...

बक्कल त्या घासलेल्या भोकात होतं.

पुतळ्याच्या पाठीची शिवण उसवलेली. आणि कापूस... खाली जमिनीवर. ओंजळीओंजळीने काढून ठेवल्यासारखा.

मला वाटलं, हे ह्यांचंच काम. ह्यांना वाटलं, माझं. दोघांनी एकमेकांवर तोंडसुख घेतलं आणि विषय संपला. संसारात असे विषय रोज संपतात.

मग आवाज सुरू झाले.

मी दुपारी खाली मशीनवर असायचे. हे कामावर. लेक सासरी, घरात दुसरं कुणी नाही. मशीन चालू असताना वरून काहीतरी ऐकू यायचं. पाय थांबवला की शांत. पुन्हा मशीन सुरू केलं की पुन्हा...

एकदा मुद्दाम मध्येच पाय थांबवला.

वर... एक पाऊल जास्तीचं पडलं. आणि थांबलं.

जड पाऊल. बक्कलाची बारीक खळखळ. मागच्या खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग वळण. मग परत. पहारा देतात ना, तसं.

मी वर जाऊन बघितलं. पुतळा जागच्या जागी. फक्त खिडकीकडे तोंड केलेला. आदल्या दिवशी त्याचं तोंड दाराकडे होतं की खिडकीकडे, हे मला शपथेवर सांगता येईना. बिनडोक्याच्या पुतळ्याचं तोंड लक्षात कसं राहणार?

कर्नलना विचारलं. ते मिशीत हसले. "वहिनी, पहारेकरी असेल! त्याच्या समोर जाऊ नका हं. पहारेकरी तीनदा विचारतो, कोण आहे? तीनदा खुणेचं उत्तर आलं नाही की गोळी घालतो. नियमच तो." आणि मोठ्याने हसले. हेही हसले. मीसुद्धा हसले, चहाचे कप उचलता उचलता.

त्याच आठवड्यात हे झोपेत बोलले. कधी न बोलणारा माणूस. सरळ, कोरड्या आवाजात.

"कोण आहे?"

मी म्हटलं, "मी आहे. झोपा."

ते झोपले. मला झोप लागली नाही.

पण खरी भीती मला त्या आवाजांनी घातली नाही. टेपने घातली.

ह्यांची पँट ढिली झाली म्हणून आत घ्यायला आणली. घेतली. महिन्याभरात पुन्हा ढिली. पुन्हा घेतली. जेवण नेहमीचं, तपासण्या केल्या, डॉक्टर म्हणाले, "सगळं उत्तम आहे, वजन कमी झालं तर चांगलंच की." पण मी ह्यांची कंबर लग्नापासून मोजतेय. वाढलेली पाहिली, उतरलेली कधी पाहिली नव्हती. पोट गेलं. गालफडं बसली. पाठीचा बाक गेला! लिफ्टवाल्या माणसाचा बाक जातो कुठे? हे ताठ चालायला लागले. खिडकीपाशी उभे राहिले की तासभर हलायचे नाहीत.

एका संध्याकाळी ते अंघोळीला गेले होते, तेव्हा मी मागच्या खोलीत गेले आणि पट्टा मोजला. बक्कलापासून त्या घासलेल्या भोकापर्यंत.

ह्यांच्या कंबरेचं माप आणि ते माप... आता बोटभराचा फरक राहिला होता.

इतके दिवस मला वाटत होतं की तो शिपाई माझा पुतळा आपल्या अंगाचा करून घेतोय.

त्याला पुतळा नकोच होता.

मी ह्यांच्यापुढे हात जोडले. रडले. म्हटलं, "अहो, काढून टाका ते सगळं. मला तुम्ही पाहिजे." हे कसनुसं हसले. "वेडी आहेस का? गज मिळाला की झालं. गज मिळू दे फक्त."

आणि गज मिळाला.

त्या रविवारी सकाळी कर्नल घेऊन आले. गजावर सहसा नंबर नसतो म्हणे, ह्यावर होता. तुम्हाला माहीतच आहे कोणता. बंदुकीच्या नळीखाली गजाची जागा असते, त्यात तो असा सरकला की जणू कालच काढला होता. दोघांनी टाळ्या पिटल्या. नळी पुन्हा तपासायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आधी तपासलीच होती ना, माझ्या पडद्याच्या काठीने. आणि इतके महिने बंदूक घरातच, कुलपात. कोण भरणार?

दुपारी कर्नल घरी गेले. कोपऱ्यावरच्या डीपीचं काम निघाल्यामुळे वीज नव्हती. हे म्हणाले, "वर जरा पडतो." मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि पायाच्या मशीनवर एका गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावायला बसले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पंखे बंद, फ्रिज बंद. सगळ्या गल्लीत माझ्या मशीनचा तेवढा आवाज.

वरून आवाज आला.

ठण्ण...

मी हसले. म्हटलं, पडतायत कसले. नवीन खेळणं मिळालंय ना.

ठण्ण...

रिकाम्या नळीत गज. मला आता तो आवाज ओळखू येत होता. मी दोरा तोडला. अस्तर उलटं केलं.

बराच वेळ काहीच नाही. मग कागद फाटल्यासारखं काहीतरी. कोरडं. दातांनी फाडल्यासारखं.

मग...

ठप्प.

माझा पाय पायडलवर थांबला.

ठप्प... ठप्प...

गज तळाला पोचत नव्हता. नळीत काहीतरी होतं. आता, ह्या क्षणी, कुणीतरी आत काहीतरी ठासत होतं.

"अहो!" मी ओरडले. "अहो, काय करताय?"

आणि दुकानाचं दार उघडलं.

रस्त्यावरून हे आत आले. हातात भिंतीला ठोकायचे हुक. "झोप येईना म्हणून मागच्या जिन्याने बाहेर पडलो होतो," म्हणाले. मग माझा चेहरा बघून थबकले. "काय झालं? कोणाला हाक मारत होतीस?"

मी नुसतं बोट वर केलं.

त्यांना वाटलं चोर. मी अडवायच्या आत धडाधडा जिना चढले. मी मागोमाग. माझी कापडाची मोठी कात्री नेहमी कंबरेला दोरीने बांधलेली असते, ती हातात घट्ट धरली होती.

खोलीत कुणी नव्हतं. मागच्या दाराला ह्यांनी बाहेरून घातलेलं कुलूप तसंच. खिडकी बंद.

पुतळा उघडा होता. त्याच्या अंगावरच्या वस्तू जमिनीवर एका सरळ रेघेत मांडलेल्या. पेटी. संगीन. पट्टा. तपासणीला ठेवतात तशा. बंदूक भिंतीला टेकून उभी. आणि खोलीत वास. फटाक्यांच्या दुकानात येतो तसा, कोरड्या दारूचा.

"हे कोणी..." ह्यांनी सुरुवात केली.

वाक्य अर्धंच राहिलं.

ते वाकले. पट्टा उचलला. कंबरेला गुंडाळला. इतक्या सवयीने, की बघायलाही लागलं नाही. बक्कल त्या घासलेल्या भोकात बसलं. टिच्च.

बोटभरही फरक नव्हता.

"अहो," मी म्हटलं. "काढा ते. माझं ऐका."

त्यांनी बंदूक उचलली आणि वळले. मला ह्यांची नजर माहीत आहे. रागाची, लाजेची, खोटं बोलतानाची. ही त्यातली कुठलीच नव्हती. त्या नजरेत मी म्हणजे हद्दीत घुसलेलं कुणीतरी परकं होते.

"कोण आहे?"

तोच कोरडा आवाज.

"मी आहे. अहो, मी!"

घोडा चढला. कट्ट.

"कोण आहे?"

मला कर्नलांचं बोलणं आठवलं. तीनदा. खुणेचं उत्तर. मला कुठलं माहीत असणार खुणेचं उत्तर? मी आमच्या लेकीचं नाव घेतलं. ह्यांच्या आईचं घेतलं. लग्नानंतर मला ज्या नावाने चिडवायचे ते सांगितलं. पळावं म्हटलं तर गोळी पाठीत बसली असती. नळीचं तोंड माझ्या छातीसमोर. काळं, गोल.

"कोण आहे?"

मी डोळे मिटले.

खट्.

एवढाच आवाज. मी डोळे उघडले. घोडा पडला होता. बंदूक उडाली नव्हती. टोपी नव्हती ना!

ते गोंधळले. खाली बघितलं. उजवा हात पट्ट्यावर गेला आणि त्या फिकट खुणेवर चाचपू लागला... जिथे बटवा असायला हवा होता. चाचपत राहिला. एकदा, पुन्हा, पुन्हा. अंधारात चष्मा शोधतात तसा.

तेवढाच वेळ मला मिळाला. मी धावले, कात्रीचं एक पातं पट्ट्याखाली घुसवलं आणि सगळी ताकद लावून दाबलं. ह्यांच्या कातडीलाही लागलं. पट्टा करकरला आणि तुटला.

हे मटकन खाली बसले. बराच वेळ श्वास घेत राहिले. मग हातातला तुकडा बघून माझ्याकडे पाहिलं. ह्यांच्याच डोळ्यांनी.

"अगं... दीडशे वर्षांचा पट्टा कापलास तू?"

मी तिथेच जमिनीवर बसून हसले आणि रडले. कधी काय करत होते ते मलाच कळत नव्हतं.

हे उठून बंदुकीपाशी गेले. गज नळीत सोडला. ठप्प. अंगठा धरला, गज बाहेर काढून नळीला लावला.

वीतभर कमी.

दुसऱ्या दिवशी कर्नलनी नळीत पाणी ओतून, गजाला स्क्रू लावून ते सगळं बाहेर काढलं. शिशाची गोळी, चकचकीत. आणि दारू, जिला गंज-बुरशी काही नाही. आमच्या पेटीत एकही काडतूस नव्हतं, कधीच नव्हतं. कर्नलांच्या मिशा त्या दिवशी पहिल्यांदा खाली आल्या.

मी अट घातली. सगळ्या वस्तू बाहेर. आणि कुठल्याही दोन वस्तू एका माणसाकडे जाता कामा नयेत. बंदूक एका शहरात, गज दुसऱ्या, पेटी तिसऱ्या, संगीन कुठल्या तरी बेटावरच्या संग्रहात. कर्नलनी शब्द पाळला.

पट्टा राहिला. कापलेला पट्टा कुणाला हवा? जाळून टाकावा म्हणून मी तो गॅसवर धरला. टोक जेमतेम तापलं असेल तर पलीकडच्या खोलीतून ह्यांची किंकाळी. जाऊन बघते तर कंबर धरून पडलेले. कातडीवर भाजल्यासारखा लाल पट्टा, बक्कलाच्या खुणेसकट.

मी तो दुकानाच्या खणात टाकला आणि कुलूप लावलं.

त्यालाही आता काही वर्षं झाली. ह्यांचं पोट परत आलं. पाठीला बाक आला. मी पँटी उसवून ढिल्या केल्या आणि प्रत्येक टाक्याला देवाचे आभार मानले. ह्यांनी नाद सोडला. मागच्या खोलीत आता कापडाचे तागे आहेत.

मग गेल्या आठवड्यात फोन आला.

अनोळखी माणूस. बोलायला गोड. म्हणाला, "ताई, तुम्ही मला ओळखत नाही. मी जुन्या फौजी वस्तू जमवतो. काय नशीब बघा, मला एकाच शिपायाची बंदूक मिळाली, पेटी मिळाली, संगीन मिळाली, गज मिळाला. सगळ्यांवर एकच नंबर! मी शोधलंसुद्धा नाही हो, आपोआप येत गेलं. आणि परवा तर टोप्यांचा बटवा मिळाला. आत टोप्या अजून शिल्लक आहेत! आता फक्त पट्टा राहिलाय. तो तुमच्याकडे आहे ना?"

"तो कापलाय," मी म्हटलं.

"हरकत नाही हो! शिवून घेता येईल."

त्याच्या आवाजामागे... काहीतरी वाजलं.

ठण्ण.

"तुमच्याकडे कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही. मी एकटाच असतो. का?"

ठण्ण...

तिसरा आवाज कसा येतो ते ऐकायला मी थांबले नाही. फोन ठेवला, पण त्याआधी त्याला ओरडून सांगितलं की ते सगळं वेगवेगळं कर, आजच्या आज कर. त्याने ऐकलं की नाही, माहीत नाही. तो नंबर आता लागत नाही. म्हणून इथे लिहितेय. भल्या माणसा, तू हे वाचत असशील तर निदान तो बटवा फेकून दे. तुझ्या घरातलं कुणी तुझ्यासमोर उभं असेल तेव्हा त्या टोप्या तिथे असता कामा नयेत.

एवढंच लिहून थांबणार होते.

पण फोन ठेवल्यावर मी खण उघडला होता. कुलूप तसंच होतं. पट्टा तसाच होता.

फक्त... कापलेली टोकं जुळवलेली होती.

त्यावर टाके पडले होते. निम्म्यापर्यंत. माझे नाहीत. माझा टाका मी झोपेतही ओळखेन. हे हाताचे, वेडेवाकडे, मेण लावलेल्या जाड दोऱ्याचे. मी सगळे उसवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेवढेच होते. मी रोज उसवते. रोज ते असतात. किल्ली माझ्या गळ्यात आहे.

काल जेवताना माझं लक्ष ह्यांच्या हाताकडे गेलं. उजव्या हाताच्या बोटांना बारीक बारीक टोचल्याच्या खुणा. काही ताज्या.

"हे काय हो?"

"लिफ्टच्या तारा," ते म्हणाले. "तुटतात, टोचतात." आणि ताठ बसून जेवत राहिले. मी ताट उचलताना त्यांच्या पँटकडे पाहिलं. कंबर ढिली झाली होती.

हे मी वर बसून लिहितेय. दुकान मघाशीच बंद केलं. लख्ख ऊन आहे बाहेर.

आत्ता खालून ह्यांनी हाक मारली. नेहमीच्याच आवाजात, अगदी प्रेमाने.

"अगं, जरा खाली ये ना. सुईत दोरा ओवून दे. मला दिसत नाहीये."